कोपर

मंगळवारी गिझेलाबाई, शनिवारी व्हेंडेलकाका.
मधले दिवस पोस्टाच्या खिडकीत:
तिकिटं, मनीऑर्डरी, मांड्यांत ठणका.
एक्कावन्नाव्या वर्षी हे कसलं खूळ, बहीण विचारते.
मी शिक्का मारते. पुढचा.

गिझेलाबाईंचं मैदान चौकोनी, वाळू रोज विंचरलेली,
कडेला पाट्यांवर अक्षरं.
“के-पासून वळ. टाच खाली. गुडघे आत.
पाठ म्हणजे वाळत घातलेला टॉवेल नव्हे, एतेल्का.
आणि कोपर बरगडीला,
काखेत थर्मामीटर असल्यासारखं.”
त्यांची घोडी सेल्लो
दुडकीतही मोजून श्वास घेते.

व्हेंडेलकाकांकडे मैदानच नाही.
होर्तोबाजची सपाटी आहे, लांब दांड्याची एक विहीर,
आणि क्षितिज, जे कुणी विंचरत नाही.
त्यांच्या खोगिराला तंग नसतो.
नुसतं पाठीवर ठेवायचं आणि वर बसायचं.
“धरलंस की पडलीस,” ते म्हणाले,
एवढाच पहिला धडा.
दुसरा, तीन आठवड्यांनी:
“कोपर मोकळं सोड. वाऱ्यालाही जायला वाट लागते.”

गाडीच्या डिकीत बुटांचे दोन जोड,
एकाला पॉलिश, एकाला चिखल.
दोघांनाही मी दुसऱ्याचं नाव सांगितलं नव्हतं.
दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात ना,
मी तर दोन्ही घरी पडले:
मंगळवारी सोडायला गेले आणि वाळूत,
शनिवारी धरायला गेले आणि गवतात.
गवत जरा बरं. पण त्यात काटे असतात.

नोव्हेंबरात एकदा गिझेलाबाईंनी हात वर केला.
सेल्लो थांबली, माझ्याआधी.
बाई चालत आल्या, चाबकाचं टोक
माझ्या उजव्या कोपराला टेकवलं.
“हे कुणाचं?”
“माझंच.”
“नाही.” त्यांनी नीट पाहिलं,
पाकिटावरचं ओळखीचं अक्षर पाहावं तसं.
“हे व्हेंडेलचं आहे.”

धुकं होतं. घोडीनं कान झटकले.
मला वाटलं, संपलं, आता पैसे परत.
बाई घोडीच्या तोंडाची फेसाळ कड
रुमालानं पुसत राहिल्या, गरजेपेक्षा जास्त वेळ.
“बावीस वर्षं झाली. म्हणाला होता,
तुझ्या घोड्यांना अक्षरं कळतात, घरची वाट कळत नाही.
मी म्हटलं, तुझ्यांना कळते,
कारण ते दुसरीकडे कधी गेलेच नाहीत.”
मग रुमालाची घडी करून:
“त्याचा गुडघा कसा आहे?”
“पावसाळी हवेत लंगडतात.”
“लंगडणारच,” बाई म्हणाल्या, “ऐकतो कुणाचं?”

आणि मैदानाच्या मधोमध परत जाऊन,
नेहमीच्याच आवाजात:
“इथे कोपर बरगडीला. के-पासून.”
दोन पावलांनंतर, जरा हळू,
“डावं. उजवं राहू दे.”

शनिवारी मी निरोप सांगितला नाही.
कुणी दिलाच नव्हता.
नेहमीसारखी मांड टाकली, निघाले,
विहिरीपर्यंत जाऊन आले.
काका पाइप पेटवायचं विसरून
माझ्या पाठीकडे बघत होते.
“ताठ झालीस,” एवढंच.
काडी विझली. दुसरीही विझली.

“ती कुठल्या अक्षरापासून वळायला लावते?”

“के.”

त्यांनी कंबर सावरली, लंगडत वीस पावलं गेले,
आणि त्या एवढ्या मोठ्या मोकळ्या रानात,
जिथे खूण म्हणून दगडही नाही,
हातातली काठी जमिनीत खुपसली.
“हे बघ तुझं के.
वळ इथून.”

मी वळले.
खोगीर किंचित सरकलं,
आणि राहिलं.